आत्या, तो फळा पूस

१ मेच्या सकाळी आत्यानं फॅमिली ग्रुपवरचा मेसेज सोसायटीच्या फळ्यावर खडूनं उतरवला आणि शेजारी चित्राची प्रिंट चिकटवली. अंधारातून उजेडाकडे चालत येणारे कामकरी, सगळ्यांत पुढे दोन पुरुष आणि एक बाई. मेसेज सांगतो : हे १९१७च्या रशियातल्या 'सशस्त्र क्रांती'चं चित्र, बाईच्या हातात भुकेनं मेलेलं बाळ, आणि असलं चित्र काढलं म्हणून सरकारनं चित्रकाराला फासावर दिलं. वर मथळा 'चौथा स्तंभ'. लाइक्सचा पाऊस.

रशियाचं एका वाक्यात उरकतो. मिलान महापालिकेच्या ज्या संग्रहालयात हे चित्र टांगलंय, तिथल्या नोंदीत काळ १८९८ ते १९०१ असा आहे. चित्रकार जुझेप्पे पेलित्झा, गाव व्होल्पेदो, उत्तर इटली. चित्रातला चौकही त्याच गावातला.

'चौथा स्तंभ' म्हणजे पत्रकार हो! चित्राचं नाव 'चौथा वर्ग'. पाद्री, सरदार, पैसेवाले यांच्यानंतर उरलेला, अंगमेहनतीवर जगणारा.

भूक मात्र मेसेजवाल्याला आंधळेपणानं का होईना, सापडली. याच विषयावरच्या पेलित्झाच्या पहिल्या प्रयत्नाचं नावच 'भुकेचे दूत' होतं. मे १८९८ मध्ये पाव महागला म्हणून मिलानमध्ये लोक रस्त्यावर आले, तेव्हा सैन्यानं त्यांच्यावर तोफा डागल्या. तेवढं मान्य. पण गोळ्या खाल्ल्या त्या कामगारांनी, चित्रकारानं नव्हे.

आता बाळ. प्रिंट जरा नीट बघा. बाई अनवाणी आहे. एका हातावर मूल, दुसरा हात उघडा, पुढच्या माणसाला काहीतरी पटवून देतेय. प्रेत घेऊन कुणी असं बोलत चालतं? शेजारच्यानं कोट खांद्यावर टाकलाय. कुणाच्या हातात झेंडा नाही, काठी नाही. साडेपाच मीटर रुंद चित्रात एकही हत्यार नाही, आणि मेसेजमध्ये 'सशस्त्र क्रांती'!

ही बाई म्हणजे पेलित्झाची बायको तेरेसा. गावातलेच लोक त्यानं समोर उभे केले होते, त्यांत तीही होती. फाशीच्या थापेचा राग येतो तो इथे. १९०७ साली तेरेसा बाळंतपणात गेली, बाळही गेलं. त्याच जूनमध्ये पेलित्झानं स्टुडिओत आपला जीव संपवला. वय ३८. सरकारनं त्याच्या केसालाही धक्का लावला नव्हता. १९०२ मध्ये तुरीनच्या प्रदर्शनात चित्राला बक्षीस मिळालं नाही, एवढीच काय ती शिक्षा. पुढे १९२० साली लोकांनी वर्गणी काढून ते मिलान शहरासाठी विकत घेतलं.

आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तेरेसा कसं लिहायचं रे, पहिली वेलांटी की दुसरी?" म्हटलं, वेलांटी नाहीच.