हायड्रोजन राहू द्या, आधी बिलेट थंड होऊ देऊ नका

ग्रीन स्टीलचा, म्हणजे कमी कार्बन सोडून केलेल्या पोलादाचा, विषय निघाला की दुसऱ्या वाक्याला कोळशाऐवजी हायड्रोजन येतो. खनिजापासून लोखंड करणाऱ्या मोठ्या ब्लास्ट फर्नेसवाल्यांनी जरूर बघावं. जालन्याच्या एमआयडीसीत भंगार आणि स्पंज आयर्न विजेच्या इंडक्शन भट्टीत वितळवतात, त्या रसाचं बिलेट (लांब चौकोनी कांडं) ओततात आणि ते लाटून सळई करतात. तिथलं दुखणं निराळं आहे.

"आमची भट्टी विजेवर, मग धूर कुठला?" हे निम्मंच खरं. टनभर माल वितळवायला साधारण ५५० ते ६०० युनिट जातात. ग्रिडच्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे ४०० किलो इथेच झाले. पण खरी गोम स्पंजमध्ये, म्हणजे खनिजातला ऑक्सिजन काढून केलेल्या सच्छिद्र लोखंडात, आहे. आपल्याकडचा बहुतेक स्पंज आयर्न कोळशाच्या किल्नमधून (फिरत्या भट्टीतून) येतो, टनामागे ढोबळमानाने दोन टन कार्बन डायऑक्साइड घेऊनच. वर त्यातल्या मातीमुळे स्लॅग (रसावरची मळी) वाढतो, युनिट वाढतात आणि त्यातला आयर्न ऑक्साइड भट्टीचं सिलिकाचं लायनिंग (आतलं अस्तर) खातो. केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीन स्टीलची व्याख्या केली. टनभर पोलादामागे कार्बन डायऑक्साइड २.२ टनांच्या आत असेल तरच ताऱ्यांचं मानांकन, १.६ च्या खाली पाच तारे. चार्ज (भट्टीत टाकायचा माल) बहुतेक स्पंजचाच असेल तर छतावर कितीही सोलर लावा, त्या पाच ताऱ्यांत बसणं अवघड.

मग भंगार वाढवा? वाढवा, पण बघून. मोटारीतलं तांबं एकदा रसात गेलं की कुठलीच भट्टी ते बाहेर काढत नाही, रोलिंगमध्ये (लाटताना) सळईला भेगा पडतात. फॉस्फरसचंही तसंच. तो काढायला चुन्याचा स्लॅग लागतो, आणि चुना सिलिकाचं लायनिंग फस्त करतो. एलआरएफ (रस शुद्ध करायची पुढची लॅडल भट्टी) सल्फर उतरवतो, फॉस्फरस नाही. ५००डी ग्रेडच्या सळईला आयएस १७८६ हे भारतीय मानक फॉस्फरस ०.०४० टक्क्यांवर जाऊ देत नाही. म्हणून धातूत काय किती आहे ते सांगणारा स्पेक्ट्रोमीटर लॅबइतकाच भंगाराच्या गेटवर हवा. (बंद सिलिंडर आणि ओलं भंगारही तिथेच अडवा, तो तर जिवाचा प्रश्न.)

सगळ्यात स्वस्त बचत मात्र बिलेटमध्ये आहे. कास्टरमधून (बिलेट ओतणाऱ्या यंत्रातून) ते हजार अंशांच्या आसपास लालबुंद निघतं. ते यार्डात गार करायचं आणि पुन्हा टनाला पन्नास-साठ किलो कोळसा जाळून तापवायचं, हा निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार. शिवाय असं पुन्हा तापवताना वजनातला टक्का-दीड टक्का स्केल (गंजासारखी पापडी) होऊन झडतो. बिलेट थेट रोलर टेबलवरून (फिरत्या रुळांच्या पट्ट्यावरून) सळई लाटणाऱ्या मिलमध्ये घ्या.

फसतं ते वेगाच्या जुळणीत. मिलमध्ये सळई अडकली की पाच-सात मिनिटं जातात, तेवढ्यात बिलेटचे कोपरे काळे पडतात आणि तसंच रेटलं तर रोल तुटतो. कास्टर काही थांबत नाही, कारण लॅडलमधला (रसाच्या मोठ्या भांड्यातला) रस थंड होत असतो. तेव्हा मधे एक छोटा इंडक्शन हीटर बसवा, शंभर-दीडशे अंश चढवण्यापुरता. मिल लांब असेल तर टेबलवर झाकणं घाला. अनुदान मागायचंच तर आधी या हीटरसाठी मागा.