प्लेटलेट फक्त दोनशे चाळीस!

आयर्विन पुलाखालच्या पाण्याचा हिशेब सांगलीत शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतो. 40 फूट म्हणजे इशारा, 45 फूट म्हणजे धोका. 32 फुटांना कुणी गाद्या माळ्यावर टाकत नाही. पण याच गावातल्या माणसाच्या हातात रक्ताचा रिपोर्ट पडू द्या. हिमोग्लोबिन 12.9, शेजारी खाली तोंड केलेला एवढासा बाण, की लगेच पुण्याच्या पोराला फोन! पुरुषांची खालची मर्यादा 13 छापलेली असते. म्हणजे पाणी अजून घाटाच्या पायरीला लागलेलं नाही आणि इकडे घर रिकामं करायला सुरुवात.

दोष माणसाचा नाही. रिपोर्टात इशारा पातळी छापतात, धोका पातळी छापत नाहीत. त्यात ही मर्यादा काढतात ती बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांमधले मधले 95 टक्के धरून. म्हणजे धडधाकट शंभरांतले पाच जण आपोआप बाणाचे धनी. एका कागदावर वीस आकडे असतील, तर ठणठणीत माणसाचाही एखादा बाहेर डोकावणारच. माझा धंदा रक्त तपासायचा. दिवस जातो तो ही बाराखडी फोडून सांगण्यात.

सगळ्यात जास्त घाम काढतं ते प्लेटलेटचं गणित. मशीन छापतं 240, आणि पुढे मुंगीएवढ्या अक्षरात दहाचा तिसरा घात, प्रति मायक्रोलिटर. घाताकडे कोण बघतो?

"ओ दादा, दोनशे चाळीसच राहिल्यात की! शेजारच्याच्या पन्नास हजार हुत्या तरी त्याला अॅडमिट केलंतं!"

मामा, पुढे हजार लावा. 2 लाख 40 हजार. दीड ते साडेचार लाखांच्या मधोमध, अगदी पाटावर बसल्यासारख्या. खरोखरच 240 असत्या, तर एवढ्या आवाजात भांडायला तुम्ही इथे उभे असता का, हीच शंका आहे. पांढऱ्या पेशींचंही तेच: एक लॅब 8.2 छापते, दुसरी 8200. मापाचं नावही एकीकडे मायक्रोलिटर, दुसरीकडे घन मिलीमीटर. दोन्ही एकच.

डेंगीच्या दिवसांत तर विचारूच नका. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट साधारण 10 हजारांपर्यंत उतरल्याशिवाय डॉक्टर पिशवी चढवायची भाषा करत नाहीत. इथे 1 लाख 40 हजारालाच पपईची पानं तुटतात, किवीचे भाव चढतात आणि भावकीच्या ग्रुपवर 'अर्जंट रक्तदाता पाहिजे' फिरू लागतं.

अर्थात आकडा खोटाही असू शकतो, आणि तेव्हा चूक बहुतेक आमचीच असते. सीबीसीचं, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचं, रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. आत ईडीटीए असतं. ते कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. खुणेपर्यंत रक्त भरायचं आणि नळी लगेच, हलक्या हाताने, आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची. ताक घुसळल्यासारखी नाही, पेशी फुटतात. आणि नुसती स्टँडला लावून चहाला गेलात तर तळाशी काळपट गाठ बसते. प्लेटलेट त्या गाठीत, मशीन 38 हजार छापून मोकळं, आणि पेशंट रडकुंडीला. काही जणांच्या प्लेटलेटचं तर ईडीटीएशीच पटत नाही, म्हणून त्या एकमेकींना चिकटतात. अशा वेळी काचपट्टीवर थेंब ओढून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली डोळ्याने बघायचं. ओढलेल्या टोकाला द्राक्षाच्या घडासारखे झुबके दिसले की निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घ्यायचं. त्या नळीतलं औषध पातळ, पाण्यासारखं असतं आणि त्याने रक्तही थोडं पातळ होतं, म्हणून आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणायचं. हे न करता 38 हजार सही करून देणाऱ्याला कृष्णेत उभं करावं, असं माझं प्रांजळ मत आहे.

आता अक्षरांचा गोंधळ. छोट्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टर 'बीटी, सीटी' लिहितात. बीटी वाचून शेतकरी कापसावर जातो. सीटी वाचून बाई मंगळसूत्र काढून, उपाशीपोटी, दोन हजार रुपये हातात धरून येते. स्कॅन म्हटलं की एवढी तयारी लागते हे तिला माहीत असतं. इथे बीटी म्हणजे ब्लीडिंग टाइम, रक्त थांबायला लागणारा वेळ: कानाच्या पाळीला टोचून दर 30 सेकंदांनी टिपकागदावर थेंब टिपायचा, रक्त थांबेपर्यंत. सीटी म्हणजे क्लॉटिंग टाइम, रक्त गोठायला लागणारा वेळ: केसासारखी काचेची नळी रक्ताने भरून तिचे बारके तुकडे मोडत जायचं, दोन तुकड्यांमध्ये गोठलेला धागा दिसेपर्यंत. पीटी म्हणजे शाळेतली कवायत नव्हे, प्रोथ्रॉम्बिन टाइम; तीही रक्त गोठण्याचीच तपासणी. आणि 'एमपी निगेटिव्ह'चा खासदारांशी संबंध नाही. मलेरियाचे जंतू दिसले नाहीत, एवढंच.

साखरेच्या तपासणीतल्या फास्टिंगचं भाषांतर 'उपवास' असं कुणी केलं त्याला शोधतोय. संकष्टीचा मुहूर्त साधून, साबुदाण्याची खिचडी खाऊन माणसं सकाळी आठला हजर. "उपासच हाय की आज!" उपाशी, मावशी, उपाशी. रात्रीपासून आठ-दहा तास पाण्याशिवाय काही नाही. बिनसाखरेचा चहासुद्धा नाही, दुधातही साखर असते. मग हळूच प्रश्न येतो, "मिश्री लावली तर चालंल न्हवं?" नाही चालत. आणि पीपीचे, म्हणजे जेवणानंतरच्या साखरेचे, दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. दोन दिवस भात सोडून एचबीएवनसीला, म्हणजे सरासरी साखरेच्या तपासणीला, फसवता येत नाही, हेही जाता जाता. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. तिच्या अंगाला मागच्या दोन-तीन महिन्यांतली साखर चिकटलेली असते, गणपतीतल्या मोदकांसकट.

राहता राहिला ईएसआर. उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलीमीटर खाली बसल्या, एवढीच ही तपासणी. नळी जरा तिरकी झाली तरी आकडा फुगतो, म्हणून स्टँड डुगडुगत्या टेबलावर ठेवायचा नसतो. बाईच्या वयात दहा मिळवून निम्मे करा, तेवढा साधारण चालतो. सत्तरीच्या मावशींना म्हणजे 40. त्यांचा आलाय 32. कागदावर मर्यादा मात्र सरसकट 20 छापलीय, त्यामुळे बाण वर.

बाहेरच्या बाकावर मावशींची सून मोबाईलवर त्या बाणाचा फोटो काढतेय.