अडीच 'तो' तांदूळ

जपानमध्ये मात्सुमोतोला जाणारे बहुतेक जण तिथला काळाभोर किल्ला बघतात, फोटो काढतात आणि पुढच्या गावाला निघतात. त्यांनी अर्धा दिवस जवळच्या आझुमिनोसाठी राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. तिथल्या मिसातो भागात १९९२ साली उघडलेलं जोक्यो गिमिन स्मारक संग्रहालय आहे. जोक्यो हे एका जपानी कालखंडाचं नाव; गिमिन म्हणजे इतरांसाठी जिवावर उदार झालेली साधी माणसं.

साल १६८६. पीक बुडालेलं, आणि त्याच वर्षी मात्सुमोतो संस्थानाने शेतसाऱ्याचं माप वाढवलं. एका गोणीत आधी तीन 'तो' तांदूळ भरावा लागे, तो साडेतीनच्या घरात नेला. (एक 'तो' म्हणजे साधारण १८ लिटर.) वर भाताची कुसळंही घासून काढून द्यायची. शेजारच्या संस्थानांत अडीच 'तो' चालत होता.

नाकागाया गावचा तादा कासुके आणि त्याच्या सोबत्यांनी पाच कलमांचा अर्ज लिहिला. राज्य उलथवा, असं त्यात काही नव्हतं. मुख्य मागणी एवढीच: शेजाऱ्यांना जे माप लागतं तेच आम्हाला लावा. अर्ज घेऊन ते किल्ल्यावर गेले तेव्हा हजारो शेतकरी मागोमाग आले. कारभाऱ्यांनी मागणी मान्य असल्याचं लेखी दिलं. लोक विश्वासाने घरी परतले.

महिन्याभरात तो शब्द फिरवला गेला आणि धरपकड झाली. चौकशीचं नावही न घेता २८ जणांना मारलं: ८ जणांना वधस्तंभावर, बाकीच्यांचा शिरच्छेद. मला बंडापेक्षा हे लेखी वचन जास्त छळतं. सरकारी कागदावर भरवसा ठेवणं, हाच त्यांचा गुन्हा ठरला.

वधस्तंभावरून कासुके 'अडीच तो!' असं ओरडला आणि त्याच्या नजरेने किल्ला कलला, अशी दंतकथा आहे. मेइजी काळात (१८६८–१९१२) किल्ल्याचा मनोरा खरोखर कलला होता, पण तो खांब कुजल्यामुळे. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या, ते मी समजू शकतो. तरी ही कथा सगळ्यात आधी सांगू नये, असं माझं मत आहे. ती सांगितली की ऐकणारा पुन्हा किल्ल्याकडेच बघतो.

त्या २८ जणांत शुन नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. बापासोबत तिलाही मारलं. संग्रहालयात गेलात तर आधी तिच्याबद्दल विचारा.