बुडा चळलाच पाहिजे: दवाखान्यातल्या नातेवाइकांसाठी

आबाजींना न्यूमोनिया झाला, तालुक्याच्या दवाखान्यात भरती केलं, एवढ्यावर समाधान मानू नका. भरती होऊनही म्हातारा नातवाला नावानं हाक मारत असेल तर तुमच्या सेवेत कसर राहिली आहे. मनावर घेतलं तर दोन-तीन दिवसांत तो सलाईनच्या खांबाशी कापसाच्या भावावर भांडेल. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतील, म्हणजे आजारपणात अचानक उडालेला डोक्याचा गोंधळ. तुम्ही ‘वयच झालं आता’ म्हणा, म्हणजे विषय संपतो.

चष्मा घरीच राहू द्या. ‘तेथी काय पेपर वाचाचा हाय त्याले?’ कानाचं यंत्रही नेऊ नका, हरवलं तर कोण भरून देणार? मे महिन्याची आग असली तरी पाणी घोटघोटच द्या, नाहीतर घडीघडी लघवीला कोण नेईल? त्यापेक्षा नळी घालून घ्या आणि गरज संपली तरी ती काढायची आठवण कोणाला करू नका. नळीतून जंतू, जंतूंमुळे ताप, तापात बडबड. चार दिवस पोट साफ नाही, हे तर सांगूच नका. बद्धकोष्ठानं डोकं बिघडतं हे कोणाला पटणार?

रात्री ट्यूबलाइट चालू, मोबाइल मोठ्यानं. तरीही तो झोपत नसेल तर घरच्या डब्यातली झोपेची गोळी किंवा खाजेची एखादी जुन्या प्रकारची गोळी गुपचूप द्या. म्हाताऱ्या मेंदूत गोंधळ वाढवायला या उत्तम. दारूचं मात्र डॉक्टरांपासून लपवा. गडचिरोलीत तर १९९३ पासून बंदीच आहे, म्हणजे तिथला माणूस पीत नसणारच! दारू तुटल्यावर दोन-तीन दिवसांनी हात थरथरून भिंतीवर किडे दिसू लागले की डॉक्टरांनी ओळखावं स्वतःच. (त्या एका दुखण्यात गुंगीचं औषधच उपचार असतं, पण त्यासाठी खरं सांगावं लागतं.)

भेटायला अख्खी जीप भरून या. प्रत्येकानं खाटेवर वाकून विचारावं, ‘मले ओयखलं काय, आबाजी?’ चुकला की हसावं. डॉक्टरांची दोन मिनिटांची तपासणी असते: वय, जन्मतारीख, ठिकाण, चालू साल, आणि महिने उलटे म्हणून दाखवा. जन्मतारखेची चिंता नको, आधार कार्डावर गावातली निम्मी पिढी १ जानेवारीलाच जन्मली आहे. पण ‘कालच्यापेक्षा आज वेगळे वाटतात का?’ असं विचारलं तर सावध राहा. याचं उत्तर फक्त तुमच्याजवळ असतं, म्हणून मान हलवून गप्प बसा.

आरडाओरडा करणारा, सलाईन उपटणारा सगळ्यांना दिसतो. त्याचे हात दुपट्ट्यानं खाटेला बांधा, म्हणजे आणखी खवळेल. खरा हातखंडा आहे तो गप्प पडलेल्या बुड्यात. दिवसभर डोळे मिटून, घास तोंडात धरून, विचारलेल्याचं उत्तर बऱ्याच वेळानं. सकाळी झोपाळू, दुपारी जरा बरा, संध्याकाळी पुन्हा तसाच. सगळे म्हणतात, ‘आता कसा मस्त आराम करून राह्यला!’ सिस्टरही खूश, दुसऱ्या खाटेकडे वळायला मोकळ्या. हाच प्रकार सर्वात जास्त निसटतो, आणि याचा शेवट बहुधा ओरडणाऱ्यापेक्षा वाईट होतो. तेव्हा त्याला मुळीच हलवू नका.

ऑक्सिजन, साखर, सोडियम, लघवीचा संसर्ग, दुखणं, चालू गोळ्या, असली कारणं शोधत बसायला डॉक्टरांना वेळ आहे का? तुम्ही अंगारा आणा. तिकडे अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी १९९९ साली ८५२ म्हाताऱ्या रुग्णांवरचा अभ्यास छापला. चष्मा लावला, पाणी पाजलं, चालवलं, रात्री नीट झोपू दिलं, रोज वार नि ठिकाण सांगितलं. नेहमीच्या सेवेत १५ टक्के जणांना डिलिरियम झाला, तेवढं केलेल्यांत ९.९ टक्क्यांनाच. एका पैशाचं इंजेक्शन नाही त्यात! असल्या इलाजाला इलाज म्हणायचं कसं?

सुट्टी झाल्यावर मात्र घाई करा. मूळ दुखणं सापडून बरं झालं, तर पुष्कळ जणांचा हा भ्रम काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत उतरतो. तेवढ्यात ‘बुडा कामातून गेला’ म्हणून सातबाऱ्याची वाटणी उरकून घ्या. नाहीतर एका सकाळी चष्मा मागून घेऊन तो तलाठ्याकडे निघेल, आणि आपला अंगठा कुठं कुठं लागला ते एकेक कागद उलटून पाहील.