अँटीबॉडी जंतूला पेशीत घुसवतात, हा फॉरवर्ड पुढे पाठवू नका

बहिणीने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "बाळाची लस थांबवू का?" म्हणून हे लिहितेय. फॉरवर्डचं म्हणणं असं: लसीमुळे बनलेल्या अँटीबॉडी पेशींवरच्या 'एफसी रिसेप्टर'ना (अँटीबॉडीची शेपटी पकडणाऱ्या प्रथिनांना) चिकटतात आणि जंतूला आत ओढतात, म्हणजे लसच संसर्ग घडवते.

जंतू आत ओढला जातो, हे खरंय. पण कोणत्या पेशीत? मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या जंतू गिळण्याचंच काम करणाऱ्या पेशी. न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जिवाणूभोवती शर्करेचं आवरण असतं, त्यामुळे तो त्यांच्या तावडीतून निसटतो. अँटीबॉडी एका बाजूने त्या आवरणाला चिकटते, तिची शेपटी बाहेर राहते आणि ती शेपटी एफसी रिसेप्टर पकडतो. जंतूवर पुष्कळ अँटीबॉडी बसल्या की पुष्कळ रिसेप्टर एकत्र खेचले जातात आणि पेशीला इशारा मिळतो. मग पेशी जंतूला सगळीकडून वेढून गिळते आणि आत आम्ल नि विकरं त्याचा फडशा पाडतात. याला संसर्ग म्हणायचं?

फॉरवर्ड पुढे म्हणतो, रिसेप्टर निरुपयोगी, अँटीबॉडी एकटीच पुरते. 2007 साली 'नेचर'मध्ये माकडांवरचा एक अभ्यास आला. एचआयव्हीसारख्या विषाणूविरुद्धच्या 'बी12' अँटीबॉडीचा विषाणूला रोखणारा भाग तसाच ठेवला, फक्त शेपटी अशी बदलली की रिसेप्टरला ती धरता येईना. संरक्षण घटलं. ज्या बदलाने फक्त रक्तातल्या पूरक प्रथिनांशी (अँटीबॉडीला जंतू मारायला मदत करणाऱ्या) जुळणं थांबलं, त्याने मात्र घटलं नाही. आणखी काय पुरावा हवा?

अँटीबॉडीमुळे आजार वाढतो याला फॉरवर्डने दिलेलं डेंगीचं उदाहरण तेवढं पूर्ण खोटं नाही, हे मान्य करावं लागेल. डेंगी विषाणूच्या एका प्रकाराविरुद्धच्या अँटीबॉडी दुसऱ्या प्रकाराला चिकटतात पण निष्प्रभ करत नाहीत, आणि हा विषाणू जंतू गिळणाऱ्या पेशींमध्येच वाढतो, त्यामुळे आत ओढला जाणं त्याच्या पथ्यावर पडतं. म्हणूनच 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डेंगीची तेव्हाची लस देण्याआधी डेंगी होऊन गेलाय का, हे तपासायला सांगितलं. त्या एका विषाणूची गोष्ट घेऊन बाळांच्या सगळ्या लसींवर चिखल उडवणं हा निव्वळ खोटेपणा आहे.

शेवटचा दावा, नवजात बाळाचं शरीर अँटीबॉडींसाठी तयारच नसतं. आईच्या अँटीबॉडी गरोदरपणातच वारेतून बाळात पोचतात, आणि त्या पोचवतो याच शेपटीला धरणारा एक रिसेप्टर. काही महिन्यांत त्या ओसरतात. म्हणून तर लसी इतक्या लवकर सुरू होतात.