तळपायाची लाल गाठ म्हणजे कुरूपच? त्या फॉरवर्डला उत्तर

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. तळपायाला गाठ आली की ते कुरूपच असतं, घाम अडकून होतं, आठवडाभर रुईचा चीक नाहीतर कॉर्न कॅप लावा, मुळासकट निघतं, आणि डॉक्टरला तुकडा काढू देऊ नका, साध्या गाठीचा कॅन्सर होतो. चारही गोष्टी चूक आहेत, आणि शेवटची तर जिवावर बेतू शकते.

कुरूपच असतं? कुरूप होतं जिथे चप्पल घासते, हाडाचा दाब पडतो तिथे, कातडी कडक आणि पिवळट, मधे टणक. पण तळपायाला पोरोमा पण होतो, घामाच्या ग्रंथीची गाठ, कॅन्सर नसलेली. ती गुलाबी-लाल असते, थोडी ओलसर, जरा घासली तरी रक्त येतं आणि नीट बघितलं तर गाठीभोवती बारीक गोल खाच दिसते, किल्ल्याभोवती खंदक असतो ना तशी. बहुतेक वेळा एकच, मध्यम वयात किंवा नंतर, आणि वाढते इतकी हळू की माणूस वर्षानुवर्षं चामखीळ समजून चालत राहतो.

घाम अडकून? अजिबात नाही. घाम बाहेर आणणारी जी नळी असते तिच्या वरच्या टोकाच्या पेशी वाढतात. तळव्यांवर या ग्रंथी खूप दाट असतात म्हणून पोरोमा तिथे जास्त दिसतो. १९५६ साली त्वचारोगतज्ज्ञ पिंकस आणि सहकाऱ्यांनी याचं वर्णन केलं, म्हणजे हे काही नवीन नाही. पावडर मारून ती जात नाही.

चीक आणि कॉर्न कॅप? कॅपमध्ये सॅलिसिलिक ॲसिड असतं, ते कडक कातडी सोलतं, गाठ काढत नाही. रुईच्या चिकाने नि बिब्ब्याने कातडी भाजते, आणि डायबेटिस असेल तर पाय बधिर असू शकतो, मग जखम चिघळेपर्यंत कळतच नाही. प्लीज, आई-आजीच्या पायावर हे प्रयोग करू नका!!

आता तुकडा काढल्याने कॅन्सर. तुकडा तपासल्याने साध्या गाठीचा कॅन्सर होत नाही. उलट खूप वर्षं तशीच ठेवलेली पोरोमाची गाठ क्वचित आपणहून कॅन्सरकडे वळते, आणि मेलॅनोमाचा, म्हणजे कातडीच्या एका घातक कॅन्सरचा, एक बिनरंगाचा प्रकार हुबेहूब अशीच लाल गाठ म्हणून येतो, तो नुसत्या डोळ्यांनी डॉक्टरलाही सांगता येत नाही. जागा बधिर करून गाठ पूर्ण काढली की पोरोमा सहसा परत येत नाही. फक्त काढलेली गाठ फेकू देऊ नका, हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला लॅबमध्ये, पाठवायला सांगा आणि रिपोर्ट हातात घ्या.