मार्चपुरतं कट्टर कसं व्हावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा एकही सामना बघू नका. पाया इथेच पक्का होतो. मंगळवारी रात्री अर्ध्या रिकाम्या हॉलमधला कॉन्फरन्सचा (कॉलेजांच्या एका गटातला) सामना बघणं हे रिकामटेकड्यांचं काम. तुम्ही थेट मार्चच्या मध्यावर उगवायचं, सिलेक्शन संडेला, म्हणजे राष्ट्रीय बाद स्पर्धेचे संघ जाहीर होतात त्या रविवारी, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला. 68 संघांची नावं जाहीर होत असताना सोफ्यावर जरा पुढे सरकायचं आणि म्हणायचं, "ह्यांना कसं काय घेतलं?" कोणाला घेतलं ते बघायची गरज नाही. दरवर्षी कुणी ना कुणी वगळलेला रडत असतोच, त्यामुळे हे वाक्य वाया जात नाही.

खेळाडूंची नावं पाठ करू नका. स्पर्धा संपली, ट्रान्सफर पोर्टल (कॉलेज बदलू पाहणाऱ्यांची यादी) उघडलं, की त्यातली बरीच पोरं दुसऱ्या कॉलेजात.

आता ब्रॅकेट, म्हणजे कुठला सामना कोण जिंकणार याचे अंदाज आधीच भरायचा तक्ता. गुरुवारी दुपारी बाराच्या सुमाराला पहिला चेंडू उडाला की त्याला कुलूप लागतं, म्हणजे हातात पावणेचार दिवस. मंगळवार-बुधवारी ओहायोतल्या डेटनला होणारे सुरुवातीचे 4 सामने बहुतेक पूलमध्ये, म्हणजे मित्रांच्या नाहीतर ऑफिसच्या पैजेत, धरत नाहीत. उरतात 63. नाणं उडवून भरलंत तर सगळे बरोबर येण्याची शक्यता 9 वर अठरा शून्यं, त्यात एक. आजवर खात्रीने नोंदलेली सर्वांत लांब मजल म्हणजे 2019 मध्ये एका माणसाचे सुरुवातीपासूनचे सलग 49 अंदाज बरोबर आले, पन्नासावा फसला.

तेव्हा एकच ब्रॅकेट भरणं हे बावळटांचं लक्षण. ईएसपीएनवर एका माणसाला 25 भरता येतात ना? मग 25 भरा. आणि ते कसे भरायचे ते नीट समजून घ्या, कारण इथेच कच्चे लोक पकडले जातात. चार विभाग, प्रत्येकात संघांना 1 ते 16 अशी मानांकनं, म्हणजे सीड, आणि 5 व्या सीडची गाठ 12 व्या सीडशी. या चार सामन्यांचे निकाल मिळून 16 प्रकारे लागू शकतात. तुमच्याकडे कागद 25, प्रत्येक प्रकाराला एक द्या. म्हणजे चारही निकाल बरोबर असलेला एक कागद निघणारच, तो नाही निघाला तर आश्चर्य, आणि वर 9 कागद शिल्लक. त्या नऊंत वेगवेगळे विजेते पेरा. एकात डूक, एकात ह्यूस्टन, एकात कनेटिकट. शुक्रवारी मध्यरात्री 24 कागदांचा चिखल झालेला असेल. पंचविसाव्याचा स्क्रीनशॉट काढायचा, वरचं नाव आणि आकडा कापायचा, आणि ग्रुपवर टाकायचा: "मी म्हटलंच होतं." तळ्यात म्हणालो होतो. मळ्यातही म्हणालो होतो, पण ते तुम्हाला दिसत नाही. लहानपणी या खेळात निदान उडी तरी मारावी लागायची. मटकेवालासुद्धा आकडा लावतो तेव्हा खिशातले पैसे जातात. तुमचं काय जातं? चोवीस वेळा चुकलेला माणूस, आणि शनिवारी सकाळी बाकीच्यांना व्हॉइस मेसेजवर अपसेटचं, म्हणजे दुबळ्याने बलाढ्याला हरवण्याचं, शास्त्र समजावतोय! बारावा सीड म्हणजे कॉन्फरन्स जिंकून आलेला, चौथ्या वर्षाची मुरलेली पोरं असलेला संघ, वगैरे वगैरे. ज्यांनी एकच भरला आणि त्याच्या चिंध्या झाल्या, त्यांनी निमूट ऐकायचं.

असो. मार्गदर्शन चालू आहे.

बाराव्या सीडला फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारांत, घाला. 2025 पर्यंत एकही तिथवर पोचलेला नाही (अकरावे सहा पोचले), पण तुमचा आतला आवाज काहीतरी सांगत असेलच.

ऑफिसातल्या ज्या माणसाने शुभंकरांची चित्रं बघून ब्रॅकेट भरला, त्याला हसून घ्या. तोच जिंकणार आहे. गुणांची पद्धत बघा: पहिल्या फेरीत बरोबर अंदाजाला 10, मग 20, 40, 80, 160, आणि विजेत्याला 320. म्हणजे पहिल्या फेरीचे 32 च्या 32 सामने ओळखा किंवा नुसता विजेता ओळखा, पारडं सारखंच. त्याने मगर आवडली म्हणून फ्लोरिडा लिहिलं, 2025 मध्ये फ्लोरिडाने ह्यूस्टनला 65-63 असं हरवलं, कावळा बसला आणि फांदी मोडली. यावर उपाय आहे. पूल दहा-बारा जणांचा असेल तर विजेता सरळ पहिल्या सीडमधला घ्यावा. शंभरांचा असेल तर तितकाच दमदार पण कमी लोकांनी लिहिलेला घ्यावा. दर 100 पझेशनमागे (चेंडू ताब्यात येण्याच्या खेपांमागे) संघ किती गुण करतो आणि किती देतो हे केनपॉम या आकडेवारीच्या साइटवर बघावं, विजेते जवळपास दरवेळी दोन्ही याद्यांत वरच सापडतात. पण हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात. सोडून द्या.

सोळाव्या सीडने पहिल्याला हरवलं की लगेच म्हणा, वाटलंच होतं. 1985 ते 2025 या काळात 160 सामन्यांत असं दोनदा झालं. 2018 मध्ये यूएमबीसीने व्हर्जिनियाला 74-54 असं लोळवलं, 2023 मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला 63-58. दोन्ही वेळा तुम्हाला वाटलं होतं.

न्यू जर्सीत राहत असाल तर 2022 चा पाठ गिरवा. जर्सी सिटीचं सेंट पीटर्स, पंधरावा सीड, केंटकीला आणि पर्ड्यूला घरी पाठवून शेवटच्या आठांत गेलं. तिथल्या भारतीय बाजारपेठेहून, इंडिया स्क्वेअरहून, चालत जाता येईल इतकं जवळ हे कॉलेज. वर्षानुवर्षं किराणा भरायला तिथे जाणाऱ्यांना ते कुठे आहे ते माहीत नव्हतं. त्या आठवड्यात मात्र सगळेच "आपलं सेंट पीटर्स".

पुण्या-मुंबईत बसून बघणाऱ्यांनी झोपेचा नाद सोडावा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेत घड्याळं पुढे सरकतात, पूर्व किनाऱ्याशी फरक साडेदहाचा साडेनऊ तास होतो, आणि गुरुवारचे सामने रात्री साडेनऊला सुरू होऊन सकाळी नाश्त्यापर्यंत चालतात.

मुलींची स्पर्धा बघायची नाही, फक्त "वाढतेय हं लोकप्रियता" म्हणायचं. 2024 ची त्यांची फायनल 1 कोटी 80 लाखांहून जास्त लोकांनी पाहिली आणि मुलांची 1 कोटी 48 लाखांनी, पण हा आकडा कुणी समोर केला की विषय बदलायचा.

शेवटच्या दोन मिनिटांना वीस मिनिटं का लागतात, असं दर टाइमआउटला मोठ्याने विचारा. "मुद्दाम फाऊल का करतायत?" हेही विचारा. कुणी सांगू लागलं तर फोनकडे बघा. तो सांगेल की मागे पडलेल्या संघाला घड्याळ थांबवायचं असतं. हाफमध्ये समोरच्या संघाचे सात फाऊल झाले की 'वन अँड वन' मिळतो: पहिला फ्री थ्रो (एका गुणाची मोकळी फेक) पडला तरच दुसरा. दहाव्या फाऊलपासून सरळ दोन. कॉलेजात फ्री थ्रो शंभरात सत्तरच्या आसपास पडतात, म्हणजे सरळ दोनांत सरासरी 1.4 गुण, वन अँड वनमध्ये 1.19. ही जी फट आहे, तिच्यात बोट घालून हरणारा संघ परत सामन्यात येतो. 2008 च्या फायनलला मेम्फिस शेवटची दोन मिनिटं उरलेली असताना 9 गुणांनी पुढे होतं. फ्री थ्रो चुकत गेले, 2.1 सेकंद राहिले असताना कॅन्ससच्या मारियो चामर्सने थ्री (तीन गुणांची बास्केट) टाकून बरोबरी साधली, आणि ओव्हरटाइममध्ये मेम्फिस हरलं.

आता शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची सूचना. फ्री थ्रो चुकला, तुमच्या पाच पायांच्या पार्लेचा (पाचही अंदाज खरे ठरले तरच पैसे देणाऱ्या पैजेचा) एक पाय मोडला, की त्या पोराचं इन्स्टाग्राम शोधून काढा. आडनावाचं स्पेलिंग येत नसेल तर टीव्हीवर जर्सीमागे दिसतं. त्याने अर्ध्या गुणाने तुमचे चाळीस डॉलर बुडवलेत, तेव्हा त्याला, त्याच्या आईला काय वाटेल ते लिहा. खाली हसणारी इमोजी टाका, म्हणजे गंमत होती असं नंतर म्हणता येतं. लिहून झालं की फोन शेजारच्याला दाखवा.

नाही. हे मला उपरोधाने लिहिणं जमत नाही.

अरे, एकोणीस वर्षांचा आहे तो. पंधरा फुटांवर उभा आहे. फायनल फोर म्हटलं की फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मधोमध मांडलेला कोर्ट, सत्तर हजार माणसं, काचेच्या बोर्डामागे रोजच्या सरावातली भिंतही नाही, नुसता अंधार आणि हलणारे हात. तो चेंडू तीनदा आपटतो, श्वास सोडतो, आणि चेंडू मागच्या कड्यावर आदळून बाहेर येतो. त्याने तुझं काय घेतलं? तू पैसे लावलेस, कुणी सांगितलं होतं? 2018 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने राज्यांना बेटिंगची दारं उघडून दिली, तेव्हापासून प्रत्येक फोनात जुगाराचा अड्डा आहे. कॉलेजच्या पोरांच्या वैयक्तिक आकड्यांवर बेटिंग बंद करा, असं कॉलेज खेळांच्या संघटनेचा, एनसीएएचा, अध्यक्ष चार्ली बेकर राज्यांना सांगतोय, ते कुणासाठी? तुझ्यासारख्यांसाठी. 25 ब्रॅकेट भरून एकदाही चूक कबूल न करणारा माणूस दुसऱ्याच्या पोराला एका चुकीसाठी मरायला सांगतो. लाज नाही वाटत? तुझ्या घरात त्याच वयाचा मुलगा कॉलेजला जातो. त्याच्या प्रत्येक फसलेल्या पेपरवर तीन हजार अनोळखी लोकांनी शिव्या लिहिल्या तर चालेल?

काइल गाय आठवतो? 2018 ला यूएमबीसीकडून हरलेल्या व्हर्जिनियात होता. त्यानंतर, आतून चिंतेने आपण कसे पोखरलो गेलो होतो ते त्याने सगळ्यांसमोर लिहिलं. पुढच्या वर्षी मिनियापोलिसला, सेमीफायनलमध्ये, ऑबर्नशी, 0.6 सेकंद बाकी, व्हर्जिनिया दोनने मागे, याला तीन फ्री थ्रो. तिन्ही टाकले. 63-62. दोन दिवसांनी व्हर्जिनिया विजेते.

त्या रात्री त्याच्या फोटोखाली हृदयं टाकणाऱ्यांत तूही होतास. दुसरा जरी चुकला असता, तर काय टाकलं असतंस ते मला माहीत आहे.